मावशींचा कोड, अकरा ते दोन

किल्लीच्या पेट्या काढून टाकायचं ठरलं ते एका चार्जरमुळे.

माझ्या मोठ्या जावेचे दोन फ्लॅट आहेत, एकाच इमारतीत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर. ती लांब, दुसऱ्या शहरात असते. फ्लॅट सुट्टीवर आलेल्या लोकांना दोन-चार दिवसांसाठी दिले जातात आणि त्यांचं सगळं मी बघते. निरोप, चादरी, टॉवेल, गळके नळ, वायफाय चालत नाही म्हणून येणारी रडगाणी. प्रत्येकाच्या हातात किल्ली द्यायला कोण जाणार, म्हणून फाटकाजवळच्या कठड्याला दोन लोखंडी पेट्या लटकवल्या होत्या. चार आकडे फिरवायचे, पेटी उघडायची, किल्ली घ्यायची, जाताना परत ठेवायची. चार वर्षांत ते आकडे कधी बदलले नव्हते. बदलायचे म्हणजे सफाईच्या मावशींना सांगा, लाँड्रीवाल्याला सांगा, प्लंबरला सांगा, आणि एवढं करून कुणीतरी एक विसरणारच.

मग एका मंगळवारी, आदल्या आठवड्यात राहून गेलेला एक पाहुणा चार्जर विसरला म्हणून परत आला. फोन नाही, निरोप नाही. आकडे त्याला पाठ होते. पेटीत मावशींसाठी ठेवलेली दुसरी किल्ली त्याने काढली आणि सरळ वर गेला. आत नवीन पाहुणी केस पुसत उभी होती. ती किंचाळली, त्याने दहा वेळा माफी मागितली, चार्जर घेतला, गेला. प्रकरण तिथेच मिटलं.

माझ्या डोक्यात मात्र ते मिटेना. भांडी घासताना मी मोजायला लागले, चार वर्षांत हे आकडे किती जणांना कळले असतील. दोनशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडलं. त्यातल्या किती जणांनी किल्लीची नक्कल करून घेतली असेल, हे तर मोजताच येत नव्हतं.

"अगं, इतकी वर्षं काही झालं का?" जाऊबाई फोनवर म्हणाल्या.

"वहिनी, झालं नाही म्हणजे होणार नाही असं थोडंच आहे?"

"तू ना, स्वतःच्या सावलीकडेसुद्धा ओळखपत्र मागशील," त्या म्हणाल्या. पण नको म्हणाल्या नाहीत. पंधरा दिवसांत पेट्या गेल्या आणि दोन्ही दारांना स्मार्ट लॉक लागली.

खरं सांगायचं तर इतकं बरं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. प्रत्येक पाहुण्याचा सहा आकडी कोड वेगळा, तोही ठरल्या दिवशी दुपारी तीनला सुरू होणार आणि निघायच्या दिवशी सकाळी अकराला मरणार. कोण किती वाजता आत गेलं, ते माझ्या मोबाइलवर. दार लावलं की पाच सेकंदांत आपोआप कुलूप. मावशींनाही मी त्यांचा कोड दिला. "हा तुमचा, कायमचा," म्हणाले. आकडे कायमचेच होते. फक्त ते रोज अकरा ते दोन एवढ्याच वेळात चालतील अशी सोय मी ॲपमध्ये करून ठेवली होती, आणि तेवढं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, नाहीच सांगितलं. मावशी चार वर्षं येतायत, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. तरीपण.

कुलूप बसवणारा मेकॅनिक जाताना म्हणाला होता, "ताई, अजून कुणाचातरी फोन जोडून ठेवा. तुमचाच एकटीचा नको."

"बघते," म्हटलं. जाऊबाईंचा जोडला असता तर त्यांनी दिवसातून दहा वेळा डोकावून विचारलं असतं, आज मावशी उशिरा का आल्या. नवरा तर स्वतःच्या फोनचा पासवर्ड मला विचारतो. म्हणून सगळं माझ्या एकटीच्या हातात ठेवलं. अडीअडचणीला दोन खऱ्या किल्ल्याही होत्या. एक जाऊबाईंकडे पाठवली, एक माझ्या पर्समध्ये.

ज्या दिवसाची गोष्ट सांगतेय त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मुलगी सकाळपासूनच माझ्याबरोबर होती, एरवी ती शाळा सुटल्यावर येते. पावणेचार वर्षांची आहे. घरात सगळे तिला भोपू म्हणतात, कारण ती रडली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात. तिसऱ्या मजल्यावरचे पाहुणे निघता निघता एक वाजवून गेले होते आणि तीनला नवीन यायचे होते. फ्लॅटमध्ये तळलेल्याचा वास कोंडला होता, म्हणून मी बाल्कनीचं दार सताड उघडलं. सोफ्याची एक गादी ओली लागली, ती वाळायला बाल्कनीतल्या खुर्चीवर टाकली आणि ऊन मिळावं म्हणून खुर्ची कठड्याला लावली. मावशी धुतलेल्या चादरी आणायला खाली गेल्या होत्या, लाँड्रीची गाडी उशिरा आली होती. भोपू सोफ्यावर बसून उशांचे अभ्रे एकात एक घालत होती. मी वापरलेल्या चादरींचं बोचकं उचललं आणि बाहेर लिफ्टजवळ ठेवायला गेले. दहा पावलं, फार तर बारा.

बाल्कनीतून वारा आला आणि माझ्यामागे दार धाडकन आपटलं. वळून मी दारापर्यंत पोचेपर्यंत आतून कुलूप लागल्याचा तो आवाज आला, टिर्र, जो पंधरा दिवस मला अंगाईसारखा वाटत होता.

मी दार फोनवरूनच उघडते, आणि फोन आत. पर्स आत, पर्समध्ये किल्ली. घराची किल्लीही त्याच पर्समध्ये.

"आई?" आतून भोपू म्हणाली.

"काही नाही बाळा, मी इथेच आहे. सोफ्यावरच बस हं. उठायचं नाही." माझा आवाज मलाच परका वाटला. त्या क्षणी मला ती खुर्ची आठवली. कठड्याला लावलेली, वर मऊ गादी. भोपूला गाड्या मोजायचं वेड आहे, आणि बाल्कनीखाली रस्ता आहे.

मी दार बडवायला लागले. "भोपू! बाल्कनीत जायचं नाही! ऐकू येतंय का? भोपू!"

आतून काहीच नाही. हिच्या तोंडाला कुलूप कधी नसतं, आणि आता नेमकं लागलं होतं. मी आणखी जोरात बडवलं.

लिफ्टचं दार उघडून मावशी आल्या, हातात चादरींचा गठ्ठा. माझ्याकडे एक नजर टाकली आणि गठ्ठा खाली ठेवला. "पोर आत आहे?"

"बाल्कनी उघडी आहे."

"मग त्यात काय, माझा नंबर आहे की." त्यांनी बोट पदराला पुसलं आणि एकेक आकडा तोंडाने म्हणत दाबला. लाल दिवा. परत दाबला. लाल. "बिघडलं का हो हे?"

लिफ्टशेजारच्या भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. मी म्हणाले, "तुमचा फोन द्या."

त्यांच्या तडा गेलेल्या फोनवर आधी नवऱ्याला लावला. अनोळखी नंबर, त्याने कापला. परत लावला, परत कापला. मग ‘मीटिंगमध्ये आहे’ असा निरोप आला. तसाही तो तासभर लांब. मग कुलपाचं ॲप उतरवलं, माझं नाव घातलं, पासवर्ड घातला. पासवर्ड आठवला याचं एवढं बरं वाटलं, आणि स्क्रीनवर आलं की तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. दाराच्या आत माझा फोन टिंग वाजला.

"आई, तुझा फोन वाजला!" भोपूचा आवाज. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. फोन लॉक असताना निरोपातलं अक्षरही दिसू नये अशी सोय मीच करून ठेवली होती.

तेवढ्यात जिन्याने एक काका वर आले. पाठीवर सॅक, हातात घडी घातलेला पत्त्याचा कागद, घामाघूम. "नमस्कार, आमचं तीनचं बुकिंग. जरा लवकर आलो. मंडळी मागाहून येतायत." एरवी मी म्हटलं असतं, तीनच्या आधी नाही जमणार, खाली बसा. त्या दिवशी मी त्यांचा हातच धरला. "तुमचा कोड! तुमच्याकडे कोड आहे ना? दाबा."

काकांनी चष्मा वर केला, कागद बघून दाबला. लाल.

"तीनपासून सुरू होतो," मी म्हणाले. कुणीच काही विचारलं नव्हतं.

काय झालंय ते मावशींनी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. काका फार बोलले नाहीत. त्यांनी अग्निशामक दलाला फोन लावला. "वीस-पंचवीस मिनिटं म्हणतायत," असं सांगून सॅक खाली टाकली. "बाल्कनी रस्त्याच्या बाजूला ना? खाली वॉचमन दिसला मला. एखादी जाड चादर द्या." लिफ्टजवळच्या बोचक्यातली सगळ्यात मोठी चादर मी ओढून दिली. काका वयाच्या मानाने भलत्याच वेगाने जिना उतरले. मावशी जिन्याच्या खिडकीशी गेल्या, तिथून खालचा रस्ता दिसतो. "धरली हो दोघांनी चादर!" त्या ओरडल्या. "ताणून धरा! अहो, वॉचमनदादा, वर बघा, माझ्याकडे नाही, बाल्कनीकडे!"

मी दाराला कान लावला. हे दार आतून कधीच बंद नसतं, दांडा खाली दाबला की उघडतं. मेकॅनिकने मला ते कौतुकाने दाखवलं होतं, घरात लहान मूल असलं तरी आत अडकणार नाही म्हणून. मला तेव्हा उलटंच वाटलं होतं. मूल आतून उघडून बाहेर गेलं म्हणजे?

"भोपू, बाळा, दाराशी ये. तो लांब दांडा आहे ना, तो खाली दाब."

पावलं वाजली. दाराच्या अगदी पलीकडून, माझ्या कमरेच्या उंचीवरून आवाज आला. "आधी खूणशब्द सांग."

मी कपाळ दाराला टेकवलं.

खूणशब्द माझीच शिकवण. शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं की मुलांना एक गुप्त शब्द शिकवा, तो ज्याला येईल त्याच्याबरोबरच जायचं, त्यालाच दार उघडायचं. पुढे कुठेतरी वाचलं की हल्ली फोनवर आईचा हुबेहूब आवाज काढता येतो, म्हणून मी त्यात भर घातली: आवाज माझा असला तरी शब्द विचारायचा. आणि शब्द फुटू नये म्हणून दर रविवारी बदलायचा. हे सगळं भोपूने इतकं छान पाठ केलं होतं की मी चार जणींत मिरवलं होतं.

या रविवारी शब्द ठरवताना मी एका पाहुण्याचा कोड मोबाइलवर टाकत होते. भोपू काहीतरी म्हणाली, मी "हो हो, चालेल" म्हटलं. काय म्हणाली ते मी ऐकलंच नव्हतं.

"गाजर," मी म्हणाले.

"तो जुना!"

"जिराफ."

"तो तर जुन्याच्या पण जुना!" ती खिदळली. तिला हा खेळ वाटत होता.

"भोपू, आईला खरंच आठवत नाहीये. आज शब्द नको. मी सांगते ना, उघड."

आतून माझ्याच सुरात उत्तर आलं. "आई म्हणाली होती, आवाज आईचा असला तरी नाही उघडायचं."

रडावं की हसावं कळेना. पण निदान ती दाराशी होती. दाराशी होती म्हणजे बाल्कनीत नव्हती. अग्निशामकवाले येईपर्यंत तिला इथेच धरून ठेवायचं, अगदीच नाही तर तीनला काकांचा कोड चालेल. मी शब्द फेकायला लागले. "बेडूक? पाटी? टूथब्रश? कोबी?" प्रत्येकाला "चूऽऽक!" पलीकडून ती टाळ्या वाजवत होती. मला माहीत असलेले सगळे प्राणी संपले, भाज्या संपल्या, मग स्वयंपाकघरातली भांडी सुरू केली. घड्याळात दोन अठ्ठावीस. मी दारापाशी फरशीवर गुडघे टेकून चमचा, झारा, कढई म्हणत होते आणि घाम डोळ्यांत जात होता.

"तवा?"

मी दारावर टकटक केली.

"भोपू? बरं, तूच सांग, प्राणी आहे की खायची वस्तू?"

"मला कंटाळा आला," ती म्हणाली. "मी गाड्या बघते." पावलं लांब गेली.

"नको! भोपू, थांब! खाऊ देते! भोपू!"

खालून काकांचा आवाज तीन मजले चढून आला. "आली! बाहेर आली पोरगी! खुर्चीपाशी आहे!"

मी खांद्याने दाराला धडक दिली. दाराचं काही झालं नाही. मावशी खिडकीकडून धावत आल्या, माझा दंड धरून मला मागे ओढलं. "ओरडू नका! तुम्ही ओरडलात की ती लांब पळते. काय मागत होती ती मघापासून?"

"खूणशब्द. मला माहीत नाही, मावशी, मला माहीतच नाही..."

"ओला मोजा ना?" मावशी म्हणाल्या. मग दाराला तोंड लावून, बादली मागावी तितक्या सहज आवाजात पण खणखणीत: "भोपू! ओला मोजा! उघड बघू, माझा पोछा आत राहिलाय!"

काही सेकंद गेले. किती ते मला सांगता येणार नाही. खिडकीतून काकांचं काहीतरी ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मग धपधप धपधप पावलं, दांड्यावर लोंबकळल्याचा करकर आवाज, आणि दार बोटभर उघडलं. मावशींनी फटीत पाय घातला.

भोपू आनंदाने माझ्याकडे बघत होती. "आई, मावशीला आला. तुला नाही आला."

मी तिला उचललं, तशीच पळत जाऊन बाल्कनीतली खुर्ची आत ओढली, दार लावलं, कडी घातली, कडी परत तपासली. ती खुर्चीवर चढली होती का, हे तिला विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. गादीवर एक लहान पाऊल उमटलेलं होतं. ते आधीचंही असू शकतं, सकाळपासून ती सगळीकडे नाचतच होती.

मावशींनी जिन्याच्या खिडकीतून खाली हात हलवून सांगितलं. टाळ्या वाजल्या, बहुतेक वॉचमनच्या. काकांनी अग्निशामकला परत फोन करून नको म्हणून सांगितलं.

मुलगी कडेवर होती, तिचा घामट गाल माझ्या मानेवर होता, आणि तरी माझ्या तोंडून आधी काय निघावं? "मावशी, तुम्हाला कसा माहीत शब्द?"

विचारला तसा तो प्रश्न मलाच ऐकू आला. मावशींनाही आला असणार. त्यांनी चादरींचा गठ्ठा आत आणला, पलंगावर ठेवला. "सोमवारी फरशी पुसत होते तेव्हा कानात सांगितला तिने. कुणाला सांगू नको म्हणाली. नाही सांगितला." मग गठ्ठ्याची गाठ सोडत, "लाँड्रीवाल्यालाही ठाऊक आहे म्हणा. त्याचा भिजलेला मोजा बघून तर सुचला."

मला हसू आलं नाही. दर रविवारी बदललेले माझे सगळे शब्द असेच गेले असणार.

मावशींनी चादर झटकली, एक टोक माझ्याकडे फेकलं. आम्ही दोघींनी पलंगावर ती ओढली. भोपू चादरीखाली शिरली, मधोमध उंचवटा झाला. कोपरा खोचता खोचता, मान वर न करता मावशी म्हणाल्या, "माझा नंबर लाल का झाला, ताई?"

बिघडलं होतं, असं म्हणता आलं असतं. काकांचाही लाल झाला होता, खपून गेलं असतं. "मी वेळ लावली होती," मी म्हणाले. "अकरा ते दोन."

"हं."

"सगळ्यांनाच लावली आहे, मावशी. तुम्हालाच असं नाही."

"तुम्हाला पण?"

"मला... माझं फोनवर उघडतं."

त्यांनी दुसरा कोपरा खोचला. तो इतका ताणून खोचला की माझ्या बाजूचा सुटला. "पेटी होती तेव्हा एकदा संध्याकाळी नळ फुटल्याचा फोन आला होता मला, आठवतं? तुमचं पोर तापाने फणफणलं होतं. मी येऊन बंद केला. आता फुटला तर मी बाहेर उभी राहून बघायचं."

"काढते मी वेळ. आत्ता काढते."

"राहू द्या. आज काढाल, उद्या परत लावाल. मला काय कळणार आहे त्यातलं?"

त्यांचं खरं होतं. मी फोन घेतला. दोनदा चुकीच्या जागी बोट लागलं. मावशींच्या नावापुढची वेळ पुसली आणि तिथे ‘नेहमी’ केलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या दाराचंही. त्याच बैठकीत नवऱ्याचा फोन जोडायचा निरोप पाठवला. मावशींना मी स्क्रीन दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून बघितली आणि मान हलवली.

"यातलं मला काही समजत नाही. तुम्ही आत थांबा."

त्या बाहेर गेल्या आणि माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. टिर्र.

मी आत, कडेवर परत भोपू, तिचे दोन्ही हात माझ्या गळ्यात. दोन बोटं जाडीचं दार ते, पण त्याच्या पलीकडे काय चाललंय काही दिसेना. आकड्यांचा आवाज येईना. मावशी उगीच थांबल्या होत्या की बोट पुसत होत्या की जिन्याने खाली निघून गेल्या होत्या, काही कळेना. दांडा माझ्या हाताशी होता. मला नुसता दाबायचा होता. तो मी धरला आणि सोडला.

"आई, मावशीला खूणशब्द विचारू?" भोपू कुजबुजली.

"नको."

मग एकदाची पहिली टिक वाजली. मावशी बाहेर आकडा तोंडाने म्हणत होत्या, सावकाश, शाळेत पाढे म्हणावेत तशा. दुसरी टिक. तिसरी. चौथी आणि पाचवीच्या मध्ये त्या थांबल्या, आणि मी श्वास रोखून उभी राहिले. पाचवी. सहावी.

हिरवा दिवा मला आतून दिसत नाही. दार उघडलं तेव्हाच कळलं. मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांच्यामागे जिन्यात काका, खांद्यावर चुरगळलेली चादर.

"चालतो," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे न बघता आत आल्या आणि सोफ्यावर भोपूने एकात एक कोंबलेले अभ्रे बाहेर काढायला लागल्या. "काका, बूट बाहेर काढा हो, फरशी आत्ताच पुसलीय."